मोटारीचा घास

दवाखान्याची मोटार उभी असली की गरीब गाय असायची, पण चालू लागली की बसणाऱ्याच्या नाकी नऊ आणायची. पहिल्या वळणापर्यंत माणूस नाकाला पदर लावून बसे, दुसऱ्या वळणाला काचेबाहेर तोंड काढी आणि तिसऱ्या वळणाला "थांबव रं बाबा" म्हणून खाली उतरे. पुढे आजारी माणूस पायी आणि मागून रिकामी मोटार, अशी वरात जव्हारच्या लोकांनी त्या दिवाळीआधी बऱ्याचदा पाहिली.

मधू ड्रायव्हरला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. संस्थान होतं तेव्हा ही मोटार राजवाड्याच्या मोटारखान्यात मागच्या ओळीत उभी असायची, पाहुण्यांचं सामान वाहायला. मधू तिथे धुण्यापुसण्याला होता. साखरशेतच्या नागलीच्या शेतातून उठून आलेला, पण हात असा की पुसलेल्या काचेत लोक पागोटी नीट करायचे. संस्थान विलीन झालं, गाड्या चहूकडे पांगल्या आणि ही म्हातारी जव्हारच्या दवाखान्याच्या वाट्याला आली. नवरीबरोबर पाठराखीण जावी तसा तिच्याबरोबर मधूही आला. आता तो ड्रायव्हर होता, खाकी कपडे होते, दवाखान्यामागे एक खोली होती. आणि मोटारीला वास होता.

मोटार विलायती, जुन्या बांधणीची. पुढच्या काचेखाली, इंजिनाच्या झाकणामागे तिला एक पत्र्याची झडप होती. आतून दांडी ओढली की झडप वर उचलायची आणि समोरचा वारा आत पायांवर यायचा. उन्हात गाडी उभी करताना मधू ती झडप उघडीच ठेवायचा. म्हातारीला जरा वारा लागू दे, म्हणायचा.

वासावर उपाय सांगायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे सगळ्या जव्हारनं उपाय सांगितले. मधूनं गाद्या काढून उन्हात टाकल्या. फिनेल ओतलं. ऊद जाळला. कडुलिंबाचा पाला पसरला. कुणीतरी लिंबू-मिरची बांधायला सांगितली, तीही बांधली. ती वासासाठी नसते, दृष्टीसाठी असते, हे सांगणाऱ्याला ठाऊक होतं की नाही कोण जाणे. कंपाउंडरनं निलगिरीचं तेल शिंपडलं, तेव्हा मोटारीला सर्दी झालेल्या मेल्या उंदराचा वास येऊ लागला. उभी असताना सगळं ठीक असायचं. दुसऱ्या दिवशी चाक फिरलं की वास हजर.

"मधू, हे हसण्यावारी नेऊ नकोस," चंद्राबाई म्हणाल्या. त्या दवाखान्यातल्या नर्सबाई. घाटावरच्या, जिभेला तिखट आणि हाताला गोड. "अडलेल्या बायका गाडीत बसत नाहीत. बाकीच्यांचं सोड, तुझ्या कमूचं काय करणार आहेस?"

रात्रंदिवस मधूच्या डोक्यात तेच होतं.

कमू त्याची बायको. सूर्यमाळला आईकडे गेली होती, दिवस भरत आले होते. आधीच्या खेपेलाही ती तिथेच होती. पोर पोटात आडवं राहिलं, पाड्यावरची सुईण हरली, आणि मधू मोटार घेऊन पोचला तेव्हा पोराला पुरून झालं होतं. कमू वाचली ती कशीबशी. या खेपेला चंद्राबाईंनी तिचं पोट चाचपून बजावलं होतं, की हिला वेळेआधी जव्हारला आण, पाड्यावर ठेवू नकोस. सूर्यमाळहून मोखाडा आणि मोखाड्याहून जव्हार, ती खडबडीत वाट बैलगाडीत तिला झेपायची नाही, आणि डोलीतून नेताना वाटेतच कळा लागल्या तर कोण काय करणार? मोटारीशिवाय इलाज नव्हता.

पाऊस उघडला, वर जायची वाट वाळली, तसा मधू तिला आणायला गेला. कमू हसत येऊन मोटारीत बसली. पाड्याच्या खालचं पहिलं वळण आलं, तशी ती पांढरीफटक पडली. खाली उतरून दगडाला धरून ओकली. मधूनं पाणी दिलं, पाठ चोळली.

"जरा दम धर. मी हळू नेतो."

"नाय," कमू म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "ओकारीचं काय नाय रं, ती व्हते. पन ह्या वासात मेल्यावानी काय तरी हाय. तो पोरगा गेला ना, तवापासून मना असा वास लगेच कळतो. पोटातलं जितं पोर घेऊन मी ह्यात नाय बसत. मना चालत ने, नाय तं हठंच ऱ्हाऊ दे."

मधू तिला हाताला धरून पुन्हा चढणीनं घरी घेऊन गेला. तिची चूक नव्हतीच.

घराच्या दारात गोजाबाई उभी होती. कमूची आई. उंच, काटकुळी, आणि जावयापुरती मुकी. लग्न झाल्यापासून ती मधूशी सरळ एक शब्द बोलली नव्हती. तो समोर बसलेला असला तरी ती लेकीला म्हणायची, "त्याला ईच्यार, भाकर खातो का." आणि कमू गालात हसत विचारायची, "भाकर खातोस का?" पाड्यावर याची मोठी मौज चालायची. मधूला मात्र ती मौज बोचायची.

कारणही त्याला ठाऊक होतं. गोजाबाईचा नवरा पांड्या लाकडाच्या ठेक्यावर कामाला जायचा. सागाचे ओंडके भरलेली ठेकेदाराची लॉरी घाटात मागे सरकली आणि पांड्या चाकाखाली गेला. तेव्हा कमू रांगत होती. पाड्यावर कुणी अपघात म्हणत नाही. मोटारीनं पांड्याला खाल्लं, असं म्हणतात. वाघानं खाल्लं म्हणावं तसंच. आणि पुढे लेकीनं हट्ट धरला तो नेमका मोटारवाल्याचा. गोजाबाईनं लग्न लावून दिलं, पण तोंड उघडलं नाही.

त्यात तिची एक सवय मधूला अजिबात सोसत नव्हती. तो निघाला की ती त्याच्या आधी उंबराखाली उभ्या असलेल्या मोटारीकडे जायची. मोटारीच्या तोंडासमोर, त्याच्याकडे पाठ करून, वाकून उभी राहायची. ओठ हलायचे. मग मागे न बघता निघून यायची. मोटारीला शिव्याशाप देते, असं मधूनं केव्हाच ठरवून टाकलं होतं. त्या दिवशीही तिनं तेच केलं. इकडे लेक ओकून आली आहे, नातवंडाच्या जिवाचा प्रश्न आहे, आणि बाई मोटारीला शाप देते आहे. मधूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सासूला काय बोलायचं? तो गाडी सुरू करून निघाला.

रिकामी गाडी घाट उतरत होती आणि वास त्याला एकट्यालाच छळत होता. ओढ्यापाशी तो रेडिएटरमध्ये पाणी घालायला थांबला. पाणी घालून आत येऊन बसला तर वास नाही. इंजिन सुरू केलं, तरी नाही. गाडी हलली, वारा पायांवर आला, आणि वास आला.

मधूनं ब्रेक दाबला. इतके दिवस आपण गाढवपणा केला, हे त्याला तिथे ओढ्याकाठी कळलं. ज्या गादीवर माणसं बसतात ती त्यानं धुतली, जिथे पाय ठेवतात तिथे फिनेल ओतलं. वारा जिथून आत येतो तिथे तो गेलाच नव्हता. त्यानं खाली उतरून झडपेत हात घातला. आतली जाळी एका बाजूनं फाटून लोंबत होती. हात कोपरापर्यंत आत गेला आणि बोटं कशात तरी मऊ, ओल्या लगद्यात बुडाली. हात बाहेर काढला, आणि त्याची स्वतःचीच ओकायची पाळी आली.

जव्हारला पोचल्यावर त्यानं दवाखान्याच्या अंगणात झडपेखालचा पत्र्याचा पेटारा स्क्रू काढून मोकळा केला. चंद्राबाई पदर नाकाला लावून, पण जवळ उभ्या राहून बघत होत्या. आतून काय निघालं नाही ते विचारा. काळी पडलेली पळसाची पानं, बुरशीनं जिवंत झालेला भात, माशांचे काटे, अंड्यांची टरफलं, आणि या मेजवानीला येऊन तिथेच मेलेला एक उंदीर. पेटाऱ्याच्या तळाशी पावसाचं पाणी जायला एक नळकं होतं. ते भाताच्या गोळ्यानं बुजलं होतं. पावसाळाभर सगळं पाण्यात भिजलं, इंजिनाच्या उबेनं शिजलं, आणि वाऱ्यानं ते लोकांच्या नाकाला वाढलं.

"कुणी केलं हे?" चंद्राबाई म्हणाल्या. "गाडी आहे की उकिरडा?"

मधू पेटाऱ्यावर वाकला. वरच्या थरात एक पुडी अजून शाबूत होती, आजचीच. पळसाच्या पानाची, लुगड्याच्या काठातून उसवलेल्या हिरव्या दोऱ्यानं बांधलेली. गाठ दुहेरी, दातांशिवाय न सुटणारी. ती गाठ त्याला पाठ होती. कमूला माहेरून येणारी भाकरीची, नागलीच्या पिठाची, सुकटीची एकूण एक पुरचुंडी याच गाठीची असायची, आणि ती सोडताना कमू दरवेळी म्हणायची, आये बांधते का कुलूप लावते?

करणी, हाच पहिला विचार त्याच्या मनात आला. सासूनं मोटारीवर करणी केली. त्यानं गाठ दातानं सोडली. आत तांबड्या भाताची मूठ होती, भाजलेला अर्धा बोंबील, आणि वर मोहाची चार वाळकी फुलं.

मधू मोटारीच्या पायरीवर खाली बसला. हे पान त्यानं ओळखलं. साखरशेतला लहानपणी वाघबारशीला हेच पान स्वतःच्या हातांत धरून तो बापामागून वाघदेवाला गेला होता. बापानं देवापुढे पान ठेवून म्हटलेलं त्याला शब्दन् शब्द आठवलं: हे खा आणि धाप, तुझं पोट भरू दे, आमच्या गुरांना शिवू नको. भुकेल्या वाघाला शाप देऊन भागत नाही, त्याला आधीच जेवू घालावं लागतं.

म्हणजे ती बाई शाप देत नव्हती. ज्यानं तिचा नवरा खाल्ला त्याच जनावराच्या तोंडी ती दर खेपेला आपल्या ताटातलं घालत होती, तिचा जावई त्यानं खाऊ नये म्हणून. आणि मधू तिला मनातल्या मनात काय काय बोलला होता. त्याला फार वाईट वाटलं. पुड्या नीट पाहिल्या तर सगळ्या तिच्या नव्हत्या, निरनिराळ्या गाठी होत्या. तिचं पाहून पाड्यापाड्यावरच्या बायकांनी मोटारीला जेवू घातलं होतं. उगाच नाही म्हातारी सुस्त झाली.

"बाई," तो चंद्राबाईंना म्हणाला, "हा उकिरडा नाही. निवद आहे."

चंद्राबाई पदर कमरेला खोचून म्हणाल्या, "असू दे. पण नासलाय. ऊठ, पाणी तापव."

त्यांनी राखेनं पेटारा घासला. उकळतं पाणी ओतलं. नळक्यात काडी घालून ते मोकळं केलं, पाणी खळखळून खाली गेलं तेव्हा मधूला घरात नळ आल्याइतका आनंद झाला. मग चुन्याची निवळी फिरवली, मग रिठ्याचं पाणी, आणि पेटारा कडक उन्हात उपडा टाकला. असं वास पुरता जाईपर्यंत पुन्हा पुन्हा केलं. नवी जाळी मारली, आत कोळशाची पुरचुंडी टांगली. चंद्राबाईंनी मोटारीत बसून गावाला फेरी मारली, खोल श्वास घेतला आणि म्हणाल्या, "आता आण तिला. उशीर करू नकोस."

निघण्यापूर्वी मधू बाजारात गेला आणि बांबूची एक छोटी पाटी घेऊन आला. तिचं काय करणार, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

सूर्यमाळला त्यानं मोटार उंबराखाली लावली. कमू जडावल्या पावलांनी आली. दार उघडून तिनं नुसतं डोकं आत घातलं आणि उभी राहिली. तिनं परत एकदा वास घेतला.

"रिठ्याचा हाय," ती म्हणाली. "न्हाल्यावानी वाटते."

"बसशील?"

"बसते. पन आयेला सांगून येते."

आये आधीच मोटारीसमोर पोचली होती. पाठ करून, वाकून. मधू या वेळी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. तिच्या हातात हिरव्या दोऱ्याची पुडी होती आणि नव्या जाळीत ती शिरत नव्हती. चोरी पकडल्यासारखी गोजाबाई मान खाली घालून थांबली.

"मामी, हिला कशाला खाया घालतेस?"

गोजाबाईनं सवयीनं कमूकडे पाहिलं, त्याला सांग म्हणायला. कमू मोटारीच्या दाराशी होती, लांब. शेवटी ती जमिनीकडे बघत, पण त्याच्याशीच बोलली.

"पांड्याला तिनं खाल्लं तवा उपाशी होती. ठेकेवाले नुसता माल भरत, तिला कोन काय देत नव्हता. तुला तिनं नको खाया म्हनून घालते."

मोटार काही खात नाही, पेट्रोलवर चालते, पांड्याची लॉरी दुसरी आणि ही दुसरी, हे सगळं मधूला सांगता आलं असतं. रस्ताभर त्यानं ते घोकलंही होतं. पण तिच्या हातातली पुडी पाहिली आणि ते सगळं त्यानं सोडून दिलं.

"मामी, तठं तिचं तोंड नाय," तो म्हणाला. "ते नाक हाय. तठून ती वारा घेते. नाकात घास कोंबला तं कुनीबी गुदमरंल. म्हनून आतल्या मान्सांना वास येत होता."

गोजाबाईनं घाबरून झडपेकडे पाहिलं. "मंग तोंड कठं?"

मधूनं तिला खाली पुढच्या आडव्या पट्टीपाशी नेलं. दोन दिव्यांच्या मधोमध ती बांबूची पाटी त्यानं तारेनं घट्ट बांधली होती. गोजाबाईनं पाटी चाचपली, हलवून पाहिली आणि पुडी तिच्यात ठेवली. ओठ हलले. मग ती घरात गेली ती डोकीवर पदर सारखा करून, ओटीत आणखी पुड्या घेऊन बाहेर आली, आणि जन्मात पहिल्यांदा मोटारीत चढून लेकीशेजारी बसली.

"वाटेत मागंल तं कोन घालंल?" असं ती कमूला म्हणाली.

मधूनं गाडी इतकी हळू नेली की बैलगाडीवाल्यांनी हात करून पुढे वाट काढली. ज्या वळणावर पांड्या गेला होता तिथे गोजाबाईनं त्याच्या खांद्याला बोट लावलं. तो थांबला. ती उतरली, पाटीत एक पान ठेवलं, थोडा वेळ दरीकडे बघत उभी राहिली आणि परत येऊन बसली. कमूनं आईचा हात धरला आणि तो जव्हारपर्यंत सोडला नाही. वाटेत तिला एकदाही मळमळलं नाही. कळा लागल्या त्या मात्र गावाची घरं दिसायला लागल्यावर.

चंद्राबाई दारातच होत्या. त्यांनी कमूला आत घेतलं आणि दार लावून टाकलं. मधू अंगणात फेऱ्या मारत राहिला. पोर या खेपेलाही वेडंवाकडंच होतं, हे आतल्या धावपळीवरून त्याला कळत होतं. मग कळायचं बंद झालं, नुसती भीती राहिली. गोजाबाई भिंतीशी उकिडवी बसली होती. एकमेकांकडे न बघता दोघं एकाच दाराकडे बघत होती.

उन्हं कलली तेव्हा आतून पोर रडलं. बारीक नाही, चांगलं टाहो फोडून. चंद्राबाईंनी दार किलकिलं करून सांगितलं, "मुलगी आहे. पायाळू आली बया, पण आली. कमू धड आहे. घटकाभरानं या." आणि दार पुन्हा लागलं.

मधू मोटारीच्या पायरीवर बसला आणि हातांत तोंड लपवून रडला. इतके दिवस कुणाला दिसू न दिलेलं सगळं बाहेर आलं, ते मेलेलं पोरही.

थोड्या वेळानं चाहूल लागली. गोजाबाई मोटारीच्या पुढे गेली होती. ओटीतली शेवटची पुडी तिनं दातानं सोडली. अर्धा घास पाटीत ठेवला. उरलेला तळहातावर घेऊन ती मधूसमोर येऊन उभी राहिली. मधे कमू नव्हती, निरोप सांगायला कुणीच नव्हतं.

"खा," ती म्हणाली. "सकाळपासून तूबी उपाशी हायस."

मधूनं घास तोंडात घातला. तांबडा भात आणि भाजलेला बोंबील. हाच वास घालवायला त्यानं हाताची सालं निघेपर्यंत पत्रा घासला होता. तो सावकाश चावून खात राहिला, आणि घास संपल्यावर त्यानं पुन्हा हात पुढे केला.

"संपलं आता," गोजाबाई म्हणाली, आणि पदरानं त्याचं तोंड पुसलं.